बिननावाचा आवाज

३ मार्च

बिट्टे,

आज मी तुझा आवाज ऐकला.

एवढं लिहून मी उठले, पाणी प्यायले आणि परत बसले. आई गेली त्या दिवशी मी फोनवर तुला म्हणाले होते, "आजपासून तू मला मेलीस." त्यानंतर आपण एकमेकींशी चकार शब्द बोललो नाही. आणि आज ऑफिसात, भर दुपारी, माझ्या कानात तू!

तुला काहीच माहीत नाही, म्हणून सांगते. शाळेनं गाण्याचा तास बंद केला आणि मला घरी बसवलं. आता मी एका कंपनीत आहे. काम काय, तर ऐकायचं. हसू नकोस. जगभरातून लोकांचे फोनवरचे आवाज येतात. माणसाच्या मनात काय चाललंय ते मशीनला शिकवायचंय म्हणे, आणि त्याआधी कुणीतरी हाडामांसाच्या माणसानं ऐकून सांगायचं, की ही बाई घाबरलीय, हे आजोबा चिडलेत, हा नुसताच कंटाळलाय. आपल्या भाषेतले आवाज आमच्या खोलीत येतात. त्यांचं नाव, गाव, नंबर सगळं आधीच काढलेलं असतं. आवाज थोडा घोगरा नाहीतर पातळ केलेला असतो. वर प्रत्येक फोनचे तुकडे पाडून ते वेगवेगळ्या बायकांना वाटतात. का, तर कुणालाच अख्खी गोष्ट कळू नये. केवढी ती काळजी!

आजच्या तुकड्यावर फक्त देशाचं नाव होतं, तुझ्या देशाचं. तिकडे राहणाऱ्या आपल्या बायकांसाठी मदतीची फोनलाइन आहे ना, जिथं अडचणीतल्या बायका मन मोकळं करतात, तिथला तो फोन. मी आपली सवयीनं ऐकत होते. तेवढ्यात ती बाई "म्हणजे ना..." म्हणून थांबली, नाकानं श्वास ओढला आणि वाक्याचं शेपूट गिळून टाकलं. असं कोण बोलतं ते काय मला सांगायला हवं? लहानपणी काही फोडलंस की तू अगदी अशीच बोलायचीस. आवाज घोगरा केला होता त्यांनी, पण मला काय फसवणार! डोळे मिटून सांगायचे मी, चाळीस पोरांत बेसूर कोण आहे ते.

तू काय बोललीस ते इथं लिहीत नाही. फोनही करणार नाही. या खोलीत बसायला लागल्यापासून फोनवर कुणाशी मनातलं बोलायचं नाही म्हणून मी कानाला खडा लावलाय. म्हणून हा कागद. फक्त एवढंच कळव, तू बरी आहेस ना?

ताई

१३ मार्च

बिट्टे,

तुझं उत्तर नाही. रागात आहेस, हक्कच आहे तुझा. पण आता मला लिहिल्याशिवाय राहवत नाही, मग पत्र कुणी फोडो नाहीतर गावभर वाचो.

मला आणखी दोन तुकडे मिळाले. आमच्यात एक अदलाबदल चालते, वरच्यांना न सांगता. एखादीला एखादा तुकडा नीट कळला नाही की ती शेजारणीला देते आणि तिचा सोपा तुकडा आपण घेते. माझ्या शेजारी एक बाई बसते, काम नसेल तेव्हा स्वेटर विणते, म्हणून तिला आम्ही स्वेटरवाली म्हणतो. तिला म्हटलं, "अगं, हा घोगरा आवाज तुझ्याकडे आला की मला दे, मला जमतो तो." तिची सुटका झाली. आणि मला तू मिळालीस.

ऐक. पहिला तुकडा, मी त्या दिवशी ऐकलेला: "मी हॉस्पिटलमधून परत आले आणि घरात कुणाला पत्ताच नाही."

दुसरा: "ठेवलंच नाही मी ते. त्याला सांगितलं, आपोआप गेलं म्हणून. म्हणजे ना, त्याला कळलं तर तो मला घरात ठेवायचा नाही."

तिसरा: "आईंना शेवटपर्यंत कळलं नाही. आणि ताईंसमोर तर मी उभीच राहू शकत नाही."

बिट्टे! बिट्टे, अगं माझे बाई! तू हॉस्पिटलमध्ये होतीस. आई गेली तेव्हा तू तिकडं एकटी, एका पलंगावर. आणि तू म्हणालीस, यायला जमत नाही, तर मी तुला खोटारडी म्हणाले, "त्या देशोदेशींच्या समितीतल्या खुर्च्या सुटत नाहीत तुला" म्हणाले. तुकडा ऐकून मी हेडफोन काढला आणि टेबलावर डोकं टेकून रडले. स्वेटरवालीला वाटलं मला चक्कर आली.

तू मला अहोजाहो कधीपासून करायला लागलीस तेही मनात आलं. मग म्हटलं, परक्या बाईशी बोलताना घरच्यांचा मान ठेवतं माणूस.

तू का केलंस ते मी विचारत नाही. तुझं पोट, तुझं आयुष्य. पण हे तू मला सांगायचं, का एका कंपनीनं मला ऐकवायचं? आणि पुढं ऐक, हे सगळे आवाज गठ्ठा करून विकतात. मशीनवाल्यांना, विमावाल्यांना, ज्याला पाहिजे त्याला. आपल्या भाषेचा गठ्ठा महिनाअखेर जायचाय. मी जसं ओळखलं, तसं उद्या आणखी कुणी ओळखील, आणि तुझ्या नवऱ्याच्या कानावर जाईल. मग तुझं घर राहतंय का? माझा जीव नुसता टांगणीला लागलाय.

म्हणून मी सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. आमचे साहेब म्हणजे कायम इस्त्रीतला माणूस. म्हटलं, "एक आवाज माझ्या बहिणीचा आहे. तो पुसून टाका."

"मॅडम, इथं कुणाचाच आवाज नाही," साहेब म्हणाले. "आवाज आहे, माणूस नाही."

"अहो, पण मी ओळखला ना!"

"मग जिचा आहे तिला अर्ज करू द्या."

"मग तिला कळवा तुम्ही, की तिचा आवाज तुमच्याकडे आहे."

"कुणाला कळवू? नावच नाही."

तरी सोडलं नाही. तर म्हणतात, तो फोन झाला एका देशात, साठवलाय दुसऱ्याच देशात आणि ऐकला आपण तिसऱ्या देशात. पहिल्याचा कायदा म्हणतो माहिती जिथं ठेवली तिथं विचारा, दुसऱ्याचा म्हणतो जिथं वापरली तिथं, आणि इथला म्हणतो बिननावाची माहिती म्हणजे माहितीच नाही. डोळे पांढरे झाले माझे.

मग डबा खायच्या सुट्टीत तुझ्या समितीची बैठक बघितली, फोनवर दाखवतात ना. हेच तर चाललं होतं तिथं! सगळ्या देशांनी मिळून एक नियम करायचा की नाही. एक टकलू गृहस्थ म्हणाला, नाव काढलं की माहिती मोकळी, ती कुठंही जाऊ द्या, नाहीतर धंदे बसतील. दुसरा म्हणाला, आमच्या देशाला तुमचे नियम नकोत. आणि मग तू उठलीस. बारीक झालीयेस. तू म्हणालीस, ज्याची माहिती आहे त्याला ती कुणाकडे आहे आणि काय आहे हे घरपोच, लेखी कळलंच पाहिजे, त्यानं मागायची वाट बघायची नाही. टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं. स्वेटरवालीला म्हटलं, "ही माझी बहीण." आणि लगेच जीभ चावली.

थांब जरा. मी आहे. काहीतरी करते.

ताई

२७ मार्च

बिट्टे,

झालं! काम फत्ते!

तू अजून गप्पच आहेस, पण आता तुझा रागही मला गोड लागतोय. मी साहेबांच्या डोक्यावर बसलेच होते. रोज सकाळी केबिनच्या दारात हजर. शेवटी ते वैतागून म्हणाले, "एकच वाट आहे. जवळच्या नातेवाइकानं लेखी ओळख पटवली तर त्या आवाजाला माणूस आहे असं धरता येतं. मग तिकडच्या देशाचा कायदा लागू होतो, आणि तो कडक आहे." म्हटलं, आणा कागद.

मी सगळं भरून दिलं. तुझं नाव, पत्ता, कुठं काम करतेस, नवऱ्याचं नाव, आपलं नातं. आवाज कशावरून ओळखला त्या रकान्यात मी चांगलं पानभर लिहिलं, "म्हणजे ना" आणि श्वास आणि गिळलेलं शेपूट, सगळं. खाली लिहिलं, "मी गाण्याची शिक्षिका आहे, माझी चूक होणार नाही." साहेबांनी ते तीनही तुकडे एकत्र काढले, वर तुझं नाव घातलं आणि गठ्ठा थांबवला. बघितलंस? तुझी ताई अजून कामाची आहे.

आता ते तुला पाकीट पाठवतील. तुमच्याकडं तो नियम आधीपासून आहेच म्हणे, तू सगळ्या जगाला लावायला बघतेयस तोच. माणसाचं नाव लागलं की त्याच्याबद्दल जे जे आहे त्याची नक्कल त्याच्या घरी जायलाच पाहिजे. त्यात "पुसून टाका" असा एक चौकोन असेल, त्यात खूण करायची आणि पाकीट परत पाठवायचं. की संपलं. कुणाच्या बापाला कळायचं नाही.

तुझ्याच नावानं येईल, काळजी करू नकोस. आणि हे आटोपलं की मला एकदा शिव्या घालायला तरी फोन कर. मी तुला काही विचारणार नाही, शपथ.

तुझीच ताई

१४ एप्रिल

ताई,

तो आवाज माझा नाही.

मी कधीही त्या फोनलाइनला फोन केलेला नाही. तुझी तिन्ही पत्रं मी आज वाचतेय, एकदम. मी समितीच्या बैठकीसाठी बाहेर होते आणि पत्रं माझ्या टेबलावर पडून होती. तुझं अक्षर असलेली पाकिटं नवऱ्यानं फोडली नाहीत, बहिणींचं आहे म्हणून. कंपनीचं पाकीट मात्र त्यानं फोडलं. सरकारी, बिलांची, असली सगळी पाकिटं तोच फोडतो, मी सतत फिरतीवर असते म्हणून. आमच्यात त्याचं कधीच कुणाला काही वाटलं नव्हतं.

त्यात वर माझं नाव, पत्ता, हुद्दा. खाली, "ठेवलंच नाही मी ते. त्याला सांगितलं, आपोआप गेलं म्हणून." आणि त्याच्या खाली, "ओळख पटवणारी व्यक्ती: सख्खी मोठी बहीण."

तुला माहीत नाही, कारण मी तुला कधी सांगितलं नाही. आम्ही मुलासाठी दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवतोय. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. आपोआप गेलं, ताई. दुसऱ्यांदा गेलं ते आई गेली त्याच आठवड्यात. मला विमानात बसायला डॉक्टरांनी बंदी केली होती. मी तुला ते सांगणारच होते, पण तू आधीच म्हणालीस, मी तुला मेले. मग मी काही बोलले नाही.

मी घरी आले तेव्हा तो ते पाकीट समोर ठेवून बसला होता. मी सांगितलं, हे खोटं आहे. तो ओरडला नाही. त्यानं फक्त विचारलं, "तुझी सख्खी बहीण खोटं कशाला लिहील?" दुसऱ्या दिवशी तो त्याच्या भावाकडे राहायला गेला. म्हणाला, मला विचार करू दे.

कंपनीला फोन केला. ते म्हणाले, तुमचा आवाज नाही ना, मग तुमच्या आवाजाचा नमुना पाठवा, आम्ही जुळवून बघतो. तीच तीन वाक्यं वाचून पाठवायची म्हणे. "ठेवलंच नाही मी ते" हे माझ्या तोंडानं म्हणून त्यांच्या कपाटात ठेवायचं? मी नाही देणार. दुसरी वाट एकच, ज्यानं ओळख पटवली त्यानं ती मागं घ्यायची.

ताई, मागं घे. लवकर घे. आणि त्या बाईची वाक्यं मला पुन्हा लिहून पाठवू नकोस.

बिट्टी

२४ एप्रिल

बिट्टे,

तुझं पत्र मी जिन्यातच उभ्यानं वाचलं आणि तिथंच पायरीवर बसले. शेजारीण विचारत होती काय झालं, मला तिचं तोंड हलताना दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं.

मी तुझं घर वाचवायला निघाले होते. आणि मीच तुझं होत्याचं नव्हतं केलं. तुझं दुसरं गेलं, तू रक्तात पडली होतीस, आणि मी फोनवर तुला मेलीस म्हणत होते. ते कमी पडलं म्हणून आता हे. काय म्हणून माफी मागू? कुठल्या तोंडानं? मला स्वतःच्या कानांची किळस आलीय.

रडून झालं आणि मी तशीच ऑफिसात गेले. साहेबांना म्हटलं, "माझी चूक झाली. ती माझी बहीण नाही. नाव काढा." ते म्हणाले, "असं कसं, तुम्ही लिहून दिलंय, तुमची चूक होणार नाही म्हणून." मी त्यांच्या टेबलावर हात आपटला, आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हा ते म्हणाले, ओळख मागं घ्यायची तर आधी अख्खा फोन ऐकावा लागतो, न कापलेला, मूळ आवाजातला. मगच सही. नियम आहे.

बंद खोलीत बसवलं मला. साहेब शेजारी. आणि लावला.

बिट्टे, ती तू नाहीस. तुझ्या जवळपासचीसुद्धा नाही. माझ्याहून मोठी असेल ती बाई. घोगरेपणा काढल्यावर आवाज बारीक, चिरका, दम लागणारा. "आई" म्हणजे तिची सासू आणि "ताई" म्हणजे नणंद. पदरात दोन मुलं आहेत आणि तिसरं वाढवायची ताकद नव्हती, एवढीच तिची गोष्ट. "म्हणजे ना" तर ती वाक्यागणिक म्हणते. लाखो बायका म्हणत असतील. मला तीन तुकडे मिळाले आणि मधलं सगळं मी माझ्या मनानं शिवलं. तू का आली नाहीस याचं कारण मला हवं होतं, गं. मला इतकं हवं होतं की ते मी एका परक्या बाईच्या तोंडात घातलं.

हे मी तुला सांगायला नको होतं का? तू बजावलं होतंस. तिची वाक्यं लिहीत नाही. पण तिचं गुपित माझ्याकडून तुझ्याकडं गेलं, तुझ्याकडून तुझ्या नवऱ्याकडं, आता कदाचित त्याच्या भावाकडं. आणि तिला बिचारीला पत्तासुद्धा नाही.

मी साहेबांना विचारलं, "मी नाव मागं घेतलं की या आवाजाचं काय होणार?"

"परत बिननावाचा," ते म्हणाले. "गठ्ठा तुमच्यामुळं अडला होता. तो आज जाईल."

"म्हणजे तिचा आवाज विकणार?"

"कुणाचा?"

मी म्हटलं, अहो, त्या बाईला शोधा, तिला विचारा. ते म्हणाले, तिला शोधायचं म्हणजे तिचं नाव शोधून काढायचं, ते तर आपल्याला मनाई आहे. मग मी म्हटलं, थोडे दिवस अडवून धरा, माझी बहीण त्या समितीत आहे, नियम होईल. साहेब हसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "तुमच्या बहिणीचं नाव तोवर तसंच ठेवू का?"

त्या क्षणी मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. नाही आला. त्यानं विचारलं ते खरंच होतं. तुझं नाव तिच्यावर राहिलं तर तिचा आवाज इथंच थांबतो आणि तुझं घर मोडतं. तुझं नाव काढलं तर तू सुटतेस आणि ती जाते.

एक गोष्ट मात्र तुला सांगते, ती तिची नाही, त्या मदतीच्या फोनलाइनवर फोन घेणाऱ्या मुलीची आहे, म्हणून सांगते. फोनच्या अगदी सुरुवातीला, नाव सांगायच्याही आधी, ती बाई विचारते, हे कुणाला कळणार नाही ना. आणि ती मुलगी इतक्या मायेनं म्हणते, "नाही हो, तुम्ही अगदी मोकळेपणी बोला." त्या मुलीलासुद्धा माहीत नव्हतं, बिट्टे. ती खरंच तसं समजत होती. आणि मग ती बाई बोलायला लागली.

साहेबांनी कागद माझ्यासमोर सरकवला. मी सही केली.

नक्कल सोबत आहे, शिक्क्यासकट. त्याला दाखव.

ताई